डावऱ्याच्या मांडीचं माप

रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत मास्तरांचं शिवणकामाचं दुकान होतं. जॉकीची ब्रीचेस शिवावी तर मास्तरांनीच, याबद्दल त्या शहरात दोन मतं नव्हती, आणि असती तरी मास्तरांनी ती ऐकून घेतली नसती. ब्रीचेस म्हणजे जॉकी घालतात ती पांढरी, अंगाला चिकटून बसणारी तुमान. दिसायला साधी, पण गुडघ्याशी जरा कापड जास्त झालं की चुणी पडते आणि चुणी पडली की एका शर्यतीत कातडं सोलून निघतं. सुटाबुटाचे शिंपी या कामाला हात लावत नसत. मास्तर मात्र त्यातच मुरलेले होते.

त्यांची पद्धत ठरलेली होती. गिऱ्हाईक लाकडी चौथऱ्यावर उभं राहायचं, मास्तर टेप लावायचे आणि आकडा खणखणीत आवाजात म्हणायचे. पडद्याआड काजं करत बसलेली बायको तो वहीत उतरवून घ्यायची. अकरा वर्षांत त्या वहीत झाडून सगळ्या जॉकींच्या कमरा, मांड्या आणि पोटऱ्या तारीखवार गोळा झाल्या होत्या. समासात बायको आणखी काहीबाही टिपून ठेवायची. कुणाचा डावा खांदा उतरता, कुणाला गुडघ्याला पट्टी लागते, असलं काहीतरी. मास्तर समासाकडे ढुंकूनही बघत नसत. लक्षात ठेवायला बायको होती की.

या वहीचा शिवणकामापलीकडेही एक उपयोग होता आणि तो मास्तरांनी कुणाला सांगितला नव्हता.

शर्यतीवर पैसे लावणारी माणसं घोड्याइतकीच जॉकीची चिकित्सा करतात. त्या शहरात दोन जॉकी बाकीच्यांपेक्षा कितीतरी वर होते. एक डावरा. चाबूक डाव्या हातात धरायचा, बोलायचा कमी, आणि अडेल घोडंसुद्धा त्याच्याखाली शहाण्यासारखं पळायचं. दुसरा घड्याळजी. त्याच्या डोक्यात म्हणे सेकंदकाटा होता. पुढचे सगळे दमेपर्यंत हा मागे रमतगमत राहायचा आणि शेवटच्या वळणावर निघायचा. दोघांत मोठा कोण, यावरून न्हाव्याच्या दुकानात आणि दवाखान्याच्या रांगेत लोक हमरीतुमरीवर येत. कुणी किती शर्यती जिंकल्या, ओल्या मैदानावर कोण बरा, लांबच्या अंतराला कोण, सगळं पाठ. मास्तर ऐकत आणि मनातल्या मनात हसत. लोकांचे आकडे झाल्या गेल्याचे होते. मास्तरांना वाटायचं, आपल्याकडे उद्याचे आहेत. कंबर उतरली तर जॉकीचं काही बिघडत नाही, ती चरबी असते. पण मांडी उतरली की कारभार आटोपला, कारण घोडा मांडीत धरावा लागतो. हे तत्त्व मास्तरांनी स्वतः शोधून काढलं होतं. वर्षातून पाचसहा वेळा ते त्यावर थोडेफार पैसे लावत आणि बहुतेक वेळा जिंकत. एका माणसाला कपडे उतरवून समोर उभं करायचं आणि मग त्याच्याच अंगावर पैसे लावायचे, यात काही वाईट आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

मोसमातली सगळ्यात मोठी शर्यत बारा दिवसांवर आली होती, तेव्हा एका सोमवारी डावरा दुकानात आला. त्याचं खोगीर, बूट, चाबूक सांभाळणारा एक म्हातारा होता, त्याला सगळे मामा म्हणत. एकोणीस वर्षं मामा त्याच्याबरोबर होता. आज त्यालाही बाहेर थांबवून डावरा एकटाच आत आला.

त्यानं थोडक्यात सांगितलं ते असं. मोठ्या शर्यतीसाठी त्याला एक घोडी मिळाली होती, सिमेंटच्या व्यापाऱ्याची, आणि शर्यतीच्या नियमानं तिनं पाठीवर न्यायचं वजन फार हलकं ठरलेलं होतं. तिच्यावर बसायचं तर बारा दिवसांत त्याला साडेतीन किलो उतरवायचे होते. वय बेचाळीस. अर्ध्या पोटानं उठायचं, वाफेत बसून घाम काढायचा, सगळं चाललं होतं. जुनी ब्रीचेस आताच ढगळ होत होती. ही शर्यत त्यानं बावीस वर्षांत एकदाही जिंकली नव्हती आणि पुन्हा अशी घोडी आपल्याला कोण देणार, असंही तो म्हणाला. चौथऱ्यावर चढण्याआधी तो जरा घुटमळला.

"मास्तर, आज आकडे मोठ्यानं म्हणू नका. तुमच्यामाझ्यात राहू द्या. माझ्या वयात वजन उतरतंय म्हटलं की लोक लगेच खांदा द्यायला धावतात."

"अहो, हे काय सांगायला पाहिजे?" मास्तर म्हणाले. "या दुकानाबाहेर जायचं नाही."

डावरा भिंतीकडे बघत उभा राहिला. बरगड्या मोजता येत होत्या. मास्तरांनी तोंड मिटून मापं घेतली आणि बायकोला हाक न मारता स्वतःच वहीत लिहिली. तो गेल्यावर त्यांनी मागचं पान काढलं. डावऱ्यासाठी शेवटची ब्रीचेस दीड वर्षापूर्वी, भर थंडीत शिवली होती. तेव्हा कंबर अठ्ठावीस, आता साडेसव्वीस. ठीक. मांडी तेव्हा एकोणीस, आता सव्वाअठरा. पाऊण इंच. मास्तरांना अगदी मनापासून वाईट वाटलं, आणि पुढच्याच मिनिटाला त्यांनी ठरवलं की या वेळी घड्याळजी. ही दोन्ही मनं त्यांच्यात गुण्यागोविंदानं नांदत होती. दुसऱ्याच दिवशी जाऊन त्यांनी घड्याळजीच्या घोड्यावर पैसे लावले, आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच.

इथवर गोष्ट मास्तरांच्या पोटात होती. ती बाहेर आली रविवारी, साडूच्या घरी जेवताना.

साडू विमा कंपनीत हेडक्लार्क होते. कुठलीही गोष्ट रकाने आखल्याशिवाय त्यांना समजत नसे. मोठ्या शर्यतीच्या आधी ते एक लांबलचक कागद आखत, एका बाजूला डावरा, दुसऱ्या बाजूला घड्याळजी, आणि मग ताटं सरकवून तो कागद सगळ्यांच्या समोर पसरत. या खेपेला त्यांच्या हिशेबानं डावरा सोळा मुद्द्यांवर वरचढ होता आणि घड्याळजी नऊ. मास्तरांनी नुसतं "बघा हं" म्हटलं, तर साडू आपल्या बायकोकडे बघून डोळे मिचकावत म्हणाले की साडूबुवांनी बटणं लावावीत, हे डोक्याचं काम आहे. मेहुणी हसली. मास्तरांची स्वतःची बायकोही हसली, आणि ते त्यांना जास्त लागलं. वीस वर्षं या घरात ते बटणं लावत आले होते.

"कागद ठेवा बाजूला," मास्तर म्हणाले. "डावऱ्याची मांडी पाऊण इंच उतरलीय. मी मोजलीय."

साडूंनी पेन्सिल खाली ठेवली. मग ते उठले, मास्तरांना खिडकीजवळच्या आपल्या आरामखुर्चीत बसवलं, स्वतः स्टूल ओढून घेतलं आणि अदबीनं विचारू लागले. मास्तरांनी सगळं सांगितलं. कंबरेचं तत्त्व, मांडीचं तत्त्व, आधीच्या शर्यती, सगळं. बोलताना आपला आवाज भारदस्त झालाय हे त्यांना जाणवत होतं आणि छान वाटत होतं. कुणाला सांगू नका, एवढं मात्र त्यांनी शेवटी सांगितलं, आणि साडूंनी गळ्याची शपथ घेतली.

साडूंची शपथ सोमवारी सकाळी ऑफिसात पोचेपर्यंत टिकली. त्यांचे साहेब आणि घोडीचे मालक दर आठवड्याला पत्ते खेळायला बसत. बुधवारी मास्तर न्हाव्याकडे दाढीला गेले तर शेजारच्या खुर्चीतला एक परका माणूस सांगत होता, डावऱ्याची मांडी पाऊण इंच उतरलीय म्हणे. नक्की बातमी आहे. मास्तरांच्या तोंडाला साबणाचा फेस होता म्हणून बरं, नाहीतर त्यांचं तोंड सगळ्यांनी बघितलं असतं. त्यांना धास्ती वाटली. पण खोटं कशाला बोला, त्या धास्तीच्या कडेला थोडा अभिमानही होता.

गुरुवारी डावरा ब्रीचेस घालून बघायला आला. चौथऱ्यावर उभा राहिला. कंबरेत थोडं कापड दाबायला हवं होतं, म्हणून मास्तरांनी पाच टाचण्या ओठांत धरल्या आणि ते खाली बसले.

"दाबू नका," डावरा म्हणाला. "लागणार नाहीये ही आता. शिवलीत, म्हणून न्यायला आलो."

मग त्यानं सांगितलं. मालकांनी काल घोडी काढून घेतली होती. बाहेरून एक जॉकी बोलावला होता. मांडीत दम राहिला नाही असं त्यांना कळलं होतं. मी घोडीवर बसून दाखवतो, असं डावऱ्यानं दोनदा सांगून बघितलं, पण मालकांनी हात जोडले. हे सगळं तो भिंतीकडे बघत, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं सांगत होता.

"माझी मांडी बघणारं घरात बायको आणि बाहेर मामा," तो म्हणाला. "मामाला काल सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. बूट पुसून जागेवर ठेवले आणि गेला."

मास्तरांचं नावसुद्धा त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. टेप गळ्यात घालून, त्याच्या मांडीपासून वीतभर अंतरावर बसलेल्या माणसाचा त्याला संशयही आला नव्हता. मास्तरांना टाचण्या काढून बोलता आलं असतं. एका हाताचं काम होतं. त्यांनी त्या तशाच धरून ठेवल्या, मान हलवली आणि घशातून हुं असा आवाज काढला. आपण या टाचण्यांमागे लपलोय हे त्यांना त्याच क्षणी स्वच्छ कळत होतं.

संध्याकाळी बायकोनं वही उघडली. आठवड्याची मापं ती नीट उतरवून ठेवायची. डावऱ्याच्या पानावर नवऱ्याचं अक्षर बघून तिनं भुवया उंचावल्या, आणि आकड्यांवरून बोट फिरवून म्हणाली, "माप घेताना मला का नाही विचारलंत? मागच्या वेळी त्यानं आत लोकरी पायजमा घातला होता. त्यावरूनच माप घ्या म्हणाला होता, थंडीचा."

समासात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, आत लोकरी. मास्तरांनी तो समास तीनदा वाचला. लोकरीचा पायजमा म्हणजे पाऊण इंच कुठेच गेला नाही. डावऱ्याची मांडी दीड वर्षापूर्वी होती तेवढीच होती, सुतभरही कमी झाली नव्हती. उपाशी राहून त्यानं फक्त पोट उतरवलं होतं आणि मांडी जपली होती.

मास्तर चौथऱ्यावरच बसले. बायकोनं काय झालं विचारलं तेव्हा आधी त्यांनी काही नाही म्हटलं, आणि मग सगळं सांगितलं. पैसे लावल्याचंही. ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "शर्यत परवा आहे. उद्या सकाळी मालकांकडे जा. माप चुकलं म्हणून सांगा. अजून घोडी त्याला मिळेल."

शुक्रवारी मास्तर सिमेंटच्या व्यापाऱ्याच्या कचेरीत गेले. शिपायानं बाकावर बसायला सांगितलं. आत कुणीतरी बसलं होतं, त्यामुळे विचार करायला वेळ मिळाला, आणि तोच घातक ठरला. माप चुकलं म्हणायचं तर माप कुणी सांगितलं हेही आलं. ते कळलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या तबेल्यांत बभ्रा. मग कुठला जॉकी या चौथऱ्यावर चढणार? दुकान, अकरा वर्षं, नाव, सगळं मास्तरांच्या डोळ्यांपुढून गेलं. डावऱ्याची बावीस वर्षं मात्र गेली नाहीत. आतला माणूस बाहेर आला आणि शिपायानं मास्तरांना जायची खूण केली. मास्तर उठले आणि म्हणाले की तसं काही खास काम नव्हतं, पुन्हा येईन.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, मालक भेटले नाहीत. तिनं त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि ती काजं करायला बसली.

शनिवारी ते रेसकोर्सवर गेले. निदान डावऱ्याला तरी सांगावं, मामाला परत बोलवा एवढं तरी म्हणावं, असं त्यांनी रस्ताभर घोकलं होतं. डावरा कठड्याशी साध्या कपड्यांत उभा होता. आजूबाजूला जागा असूनही कुणी त्याच्याजवळ उभं राहत नव्हतं. मास्तर गर्दीतून सरकत त्याच्यापासून चार पावलांवर आले, तेवढ्यात घोडे सुटले.

बाहेरच्या जॉकीनं घोडीला पहिल्यापासून पळवलं. ती पळालीही, पण शेवटच्या वळणावर तिला कुणीतरी मांडीत धरून सांभाळायला हवं होतं, आणि तिथे ती भरकटली. घड्याळजी मागून आला आणि आरामात पुढे गेला. घोडी तिसरी आली. डावऱ्याचा डावा हात कठड्यावर आपोआप हलत होता, तो थांबला. आणि मास्तरांना आनंद झाला. एकच क्षण, पण झाला. आपण जिंकलो, असा नुसता निखळ आनंद छातीतून वर आला आणि मग आपण कुठे आहोत ते त्यांना आठवलं. पुढे कित्येक महिने मास्तरांना शरम वाटली ती सगळ्यात जास्त या क्षणाची.

त्यांनी तोंड उघडलं होतं. "अहो" एवढं म्हटलंही होतं. डावरा वळला, आणि मागून साडूंचा हात मास्तरांच्या पाठीवर पडला.

"हा बघा आमचा टेपवाला," साडू आपल्या ऑफिसच्या मंडळींना सांगत होते, आणि आनंदानं त्यांचा चेहरा लाल झाला होता. "डावऱ्याची मांडी यांनीच मोजली. पाऊण इंच. आमच्या कागदानं बुडवलं असतं, यांच्या टेपनं तारलं."

साडूंनी डावऱ्याला साध्या कपड्यांत कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे तो कोण हे त्यांना कळलं नाही. बाकीच्यांना कळलं. ते एकेक करून गप्प झाले.

"मास्तर, तुम्ही?" डावरा म्हणाला.

त्याच्या आवाजात राग असता तर मास्तर पाया पडले असते. पण तो खरंच विचारत होता. नाही म्हणा, असं त्याचा चेहरा म्हणत होता. मास्तरांनी मान खाली घातली. वर बघितलं तेव्हा तो फाटकाच्या दिशेनं झपाझप चालला होता. मास्तरांचं जिंकलेलं तिकीट खिशातच राहिलं. साडू नंतर बरेच दिवस त्यांना त्यावरून वेड्यात काढत होते.

महिन्याभरानं डावरा दुकानात आला. तो येईल असं मास्तरांना वाटलं नव्हतं, पण त्या शहरात दुसरा कुणी ब्रीचेस शिवत नव्हता. बरोबर मामा होता. डावऱ्यानं त्याच्या घरी जाऊन त्याची माफी मागितली, दोन दिवस दाराशी बसला, हे मास्तरांच्या कानावर आलं होतं. मास्तरांनी टेप उचलली. डावरा चौथऱ्याकडे गेला नाही. मामानं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"मापं घरून आणलीत," डावरा म्हणाला.

मास्तरांनी कागद हातात घेतला. अकरा वर्षांत त्यांच्या दुकानात कुणी घरून माप आणलं नव्हतं. त्यांनी बोलायला सुरुवात केली, की चूक माझीच, तुमची मांडी उतरलीच नव्हती, आत लोकरी होती, समासात लिहिलेलं होतं.

"ती उतरली नव्हती हे मला माहीत होतं," डावरा म्हणाला. "माझीच आहे ना ती."

पडद्याआड बायकोची सुई थांबली होती. मास्तरांनी एकदा कागदाकडे, एकदा डावऱ्याच्या कमरेकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाले की कंबर एक इंच जास्त धरलीय, मोजताना टेप सैल राहिली असावी, ब्रीचेस मागून फुगेल. एकदाच टेप लावू का? कपड्यांवरूनच.

"त्याच मापानं शिवा," डावरा म्हणाला, आणि दोघं गेले.

मास्तरांनी त्याच मापानं शिवली. कापताना कात्री दोनदा थांबली, कारण हाताला खरं माप माहीत होतं. शिवून झालेली ब्रीचेस मामा येऊन घेऊन गेला.

पुढचा सगळा मोसम डावरा ती घालून पळाला. घोडा पळताना ती त्याच्या कमरेमागे फुगायची आणि लांबून दिसायची. लोकांचे डोळे असलं काही टिपायला तयारच होते. एका रविवारी जेवताना साडूंनी नवा कागद पसरला, डावऱ्याच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली आणि आवाज खाली आणून विचारलं, "साडूबुवा, ब्रीचेस फडफडतेय त्याची. आणखी उतरला वाटतं? किती?"

मेहुणी वाढता वाढता थांबली. बायको मास्तरांकडे बघत होती.

"उतरला नाही," मास्तर म्हणाले. "माझीच शिलाई चुकली."